ठोशातले बळ येते कुठून?

गेल्या महिन्यात एका रात्री माझ्या मोठ्या बहिणीचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"तुझ्या भाचीला आता बॉक्सिंग शिकायचंय. शाळेजवळ कुठेतरी वर्ग आहे, तिथं पंधरा दिवस चोरून जातेय. तू तरी समजाव तिला. मनगट बघ तिचं, माझ्या लाटण्याएवढंसुद्धा नाही. ही कुणाला ठोसा मारणार?"

मी काही बोलण्याआधीच फोन भाचीच्या हातात गेला. वय वर्षे चौदा. ती एका दमात म्हणाली, "मावशी, आईला सांग, ठोसा मनगटानं मारतच नाहीत. आमचे सर म्हणतात, ठोसा पायानं मारायचा!"

मागून ताईचे हसणे ऐकू आले. पायाने मारायचा ठोसा! पण फोन ठेवण्यापूर्वी ताई स्वयंपाकघरात गेली असावी, कारण तिचा आवाज एकदम खाली आला. "हे बघ, तिनं कुणाला मारलं तर मारू दे. पण तिला कुणी मारलं तर गं?"

त्या एका फोनमध्ये दोन प्रश्न होते. ठोशातले बळ नेमके कुठून येते, हा एक. आणि ते बळ ज्याच्या डोक्यावर उतरते त्याचे काय होते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोठे गंमतीचे आहे. दुसऱ्याचे तसे नाही. पण ज्यांच्या घरात हा खेळ शिकू पाहणारी मुले आहेत, त्यांना दोन्ही उत्तरे ठाऊक असायला हवीत.

दंडावर जाऊ नका

जोरदार ठोसा मारणारा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भरदार दंडांचा आडदांड माणूस येतो. पण बॉक्सिंगचा इतिहास पाहिला, तर हे चित्र वारंवार खोटे ठरलेले दिसते.

रॉकी मार्सियानोचेच उदाहरण घ्या. अमेरिकेचा हा हेवीवेट विजेता उंचीने जेमतेम पाच फूट दहा इंच होता आणि त्याचे वजन ८५ किलोंच्या आसपास असे. त्याच्या हातांचा पल्ला तर इतर हेवीवेट विजेत्यांच्या मानाने फारच आखूड. तरीही १९५६ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ४९ लढती आणि ४९ विजय होते. त्यांपैकी ४३ विजय प्रतिस्पर्ध्याला पूर्ण वेळ टिकू न देता मिळवलेले.

आपल्या काळातला डिऑन्टे वाइल्डर याच्या अगदी उलट. सहा फूट सात इंच उंच, पण अंगाने सडपातळ, पाय तर काटक्यांसारखे. आपली मुलगी पाठीच्या कण्याच्या विकारासह जन्मली, तिच्या उपचारांसाठी पैसा हवा, म्हणून विशीच्या उंबरठ्यावर तो बॉक्सिंगकडे वळला. इतक्या उशिरा सुरुवात करूनही २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याने कांस्यपदक मिळवले आणि व्यावसायिक झाल्यावर पहिल्या ३२ च्या ३२ लढती नॉकआउटने जिंकल्या. १ डिसेंबर २०१८ रोजी टायसन फ्युरीशी त्याची लढत झाली, तेव्हा फ्युरीचे वजन त्याच्यापेक्षा सुमारे वीस किलोंनी जास्त होते. तरी वाइल्डरने या पहाडासारख्या माणसाला दोनदा खाली पाडले. फ्युरी दोन्ही वेळा उठला आणि लढत बरोबरीत सुटली, ही गोष्ट निराळी.

एक आखूड हातांचा, एक काटकुळ्या पायांचा. मग दोघांच्या ठोशांत एवढे बळ आले कुठून?

गोधडी धुणारी बाई

भाचीचे सर बरोबरच सांगत होते. बळ जमिनीतून येते.

नदीकाठच्या दगडावर भिजलेली गोधडी आपटणारी बाई तुम्ही पाहिली असेल. अंगाने कदाचित किरकोळ असेल, पण पाणी प्यायलेली ती जड गोधडी ती लीलया आपटते. नीट पाहा, ती हातांनी आपटत नाही. आधी तिचे पाय घट्ट रोवले जातात, मग कंबर वळते, कंबरेमागून खांदा येतो आणि सर्वांत शेवटी हात. नुसत्या हातांनी आपटू जाणारी नवखी सून दहा मिनिटांत दमून जाते.

ठोशाचेही अगदी असेच असते. उजव्या हाताने जोराचा ठोसा मारणारा बॉक्सर मागच्या पायाच्या चवड्याने जमीन मागे रेटतो. जमीन तेवढ्याच जोराने त्याला पुढे ढकलते. हा रेटा पोटरीतून मांडीत आणि मांडीतून खुब्यात येतो. खुबा वळला की कंबर वळते, कंबर छातीला आणि छाती खांद्याला ओढून नेते. खांदा हाताला पुढे फेकतो आणि मूठ लक्ष्यावर जाऊन आदळते. साखळीतली प्रत्येक कडी आधीच्या कडीचा वेग घेते आणि त्यात आपला मिळवते. मधली एखादी कडी अवेळी हलली, तर मागचे सारे कष्ट वाया गेलेच म्हणून समजा.

यात पायांचा वाटा किती? १९८५ मध्ये सोव्हिएत संशोधकांनी सव्वाशेच्या आसपास बॉक्सरांच्या ठोशांचे मोजमाप करून या प्रश्नाचे उत्तर दिले. निष्णात बॉक्सरांच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के होता आणि हाताचा अवघा २४ टक्के. नवशिक्यांत हे गणित फिरले होते. त्यांच्या पायांचा वाटा १६-१७ टक्क्यांवर आला होता आणि हाताचा ३८ टक्क्यांवर गेला होता. म्हणजे नवशिका हाताने मारतो आणि कसलेला गडी पायाने.

माइक टायसनच्या जुन्या लढती पाहताना त्याच्या मुठींऐवजी गुडघ्यांकडे लक्ष द्या. १९८६ मध्ये ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्याच फेरीत हरवून तो वयाच्या विसाव्या वर्षी जगातला सर्वांत तरुण हेवीवेट विजेता झाला. उंचीने तो बहुतेक प्रतिस्पर्ध्यांपेक्षा ठेंगणा. तो गुडघ्यांत वाकून आत शिरायचा आणि स्प्रिंग सुटावी तसा वर उसळताना ठोसा मारायचा. त्याचा हात म्हणजे त्या उसळीचे शेवटचे टोक होते.

सैल हात, घट्ट मूठ

आता एक विचित्र वाटणारी गोष्ट. जोरात मारायचे असेल तर हात आवळून धरू नये.

दंडाच्या पुढच्या बाजूचा स्नायू हात दुमडतो आणि मागच्या बाजूचा तो सरळ करतो. रागाने साऱ्या हाताचे स्नायू आवळले, की हे दोन स्नायू एकमेकांविरुद्ध ओढू लागतात. ब्रेक दाबून गाडी पळवावी तशी गत होते. मोट्यार गडी रागारागाने गुद्दे घालतो आणि दोन मिनिटांत त्याला धाप लागते, त्याचे कारण हेच. कसलेल्या बॉक्सरचा हात वाटेत गोफणीच्या दोरीसारखा सैल असतो.

पण मूठ लक्ष्याला भिडते त्या क्षणी मात्र सारे काही घट्ट व्हावे लागते. कॅनडातील स्ट्युअर्ट मॅगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मिश्र मार्शल आर्ट्स खेळणाऱ्या निष्णात लढवय्यांच्या स्नायूंची नोंद घेतली, तेव्हा हा प्रकार स्पष्ट दिसला. प्रहार सुरू होताना स्नायू एकदा आवळले जातात, वाटेत सैलावतात आणि आदळताना पुन्हा आवळले जातात. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याआधी घडते.

शेवटच्या क्षणी आवळण्याने काय साधते? आपल्या पंजाचे वजन जेमतेम अर्धा-पाऊण किलो असते. मनगट ढिले असेल तर समोरच्याला तेवढाच अर्धा-पाऊण किलो लागतो. पण मनगट, कोपर, खांदा आणि पोट त्या क्षणी एक झाले, तर मुठीमागे शरीराचे कितीतरी वजन येऊन उभे राहते. साध्या काठीने मारणे आणि त्याच काठीला लोखंडी डोके बसवून हातोडा करणे, यात जो फरक तोच इथे.

इंग्लंडचा हेवीवेट बॉक्सर फ्रँक ब्रुनो याच्या ठोशाचे मोजमाप १९८५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. त्याची मूठ अवघ्या अर्ध्या मीटरच्या प्रवासात, सेकंदाच्या दहाव्या भागात, ताशी सुमारे ३२ किलोमीटरच्या वेगाला पोहोचली. आघाताचा जोर ४,०९६ न्यूटन, म्हणजे चारशे किलोंहून अधिक वजनाच्या दाबाएवढा होता. संशोधकांनी तुलना दिली ती अशी: सहा किलो वजनाची, कापडाने मढवलेली लाकडी मोगरी ताशी ३२ किलोमीटर वेगाने डोक्यावर बसावी, तसा हा ठोसा. अर्धा-पाऊण किलोच्या पंजाची सहा किलोंची मोगरी होते, ती या आवळण्यामुळे.

२००५ मध्ये ऑलिंपिक दर्जाच्या सात बॉक्सरांवर झालेल्या अभ्यासातही हेच दिसले. जड गटातल्या बॉक्सरांचा ठोसा भारी ठरला, तो मुख्यतः मुठीमागे उभ्या राहणाऱ्या वजनामुळे. बॉक्सिंगमध्ये वजनी गट का असतात, याचे उत्तर इथे मिळते.

जो दिसत नाही तो ठोसा

एवढे सगळे जमले तरी काम संपत नाही. ठोसा केव्हा बसतो, याला फार महत्त्व आहे. समोरचा मागे सरकत असेल तर ठोशाचा जोर उणा होतो. तो पुढे येत असेल तर त्याचा वेग आणि ठोशाचा वेग यांची बेरीज होते. समोरासमोर आदळणाऱ्या दोन गाड्यांसारखेच हे.

शिवाय येणारा ठोसा दिसला तर माणूस मान आवळतो, हनुवटी छातीशी घेतो. आवळलेली मान डोक्याला धडाशी बांधून ठेवते, त्यामुळे डोके कमी हलते. न दिसलेल्या ठोशापुढे मान सैल राहते आणि डोके झटक्याने फिरते. म्हणूनच जुनेजाणते बॉक्सर सांगतात, की माणूस आडवा होतो तो बहुधा न दिसलेल्या ठोशाने.

२३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात मार्सियानोची जर्सी जो वॉलकॉटशी लढत झाली. पहिल्याच फेरीत मार्सियानो खाली पडला. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा गुणांत तो मागे होता. तेराव्या फेरीत वॉलकॉट दोरांपाशी आला आणि मार्सियानोच्या उजव्या हाताचा एक आखूड ठोसा त्याच्या जबड्यावर बसला. हात जेमतेम वीतभर गेला असेल. वॉलकॉट दोराला लटकत खाली घसरला, तो वेळेत उठलाच नाही. मार्सियानो विजेता झाला. लांबून घुमवून आणलेला ठोसा दिसायला भयंकर असतो, पण तो येताना दिसतोही.

दुसरा प्रसंग जॉर्ज फोरमनचा. १९७३ मध्ये जमैकातील किंग्स्टन येथे या फोरमनने जो फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले होते. पुढच्या वर्षी किन्शासा येथे महंमद अलीने त्याला हरवले. १९७७ मध्ये निवृत्त झालेला हा माणूस दहा वर्षांनी परतला आणि ५ नोव्हेंबर १९९४ रोजी लास व्हेगासमध्ये जगज्जेत्या मायकेल मूररपुढे उभा राहिला. फोरमन ४५ वर्षांचा आणि मूरर २६ चा. नऊ फेऱ्या मूररने फोरमनला यथेच्छ झोडपले. फोरमनचे वजन वाढले होते, पाय जड झाले होते, हातही मंदावले होते. दहाव्या फेरीत त्याचा उजव्या हाताचा एक सरळ, आखूड ठोसा मूररच्या हनुवटीवर बसला आणि लढत संपली. फोरमन त्या वेळेपर्यंतचा सर्वांत वयस्क हेवीवेट विजेता ठरला. २१ मार्च २०२५ रोजी तो वारला, तेव्हा जगभर याच ठोशाची आठवण निघाली.

चपळाई वयाबरोबर जाते, पण ठोसा सर्वांत शेवटी जातो, असे बॉक्सिंगमध्ये म्हणतात. पायापासून मुठीपर्यंतच्या साखळीची शिस्त अंगात मुरलेली असली, मागे वजन असले आणि योग्य क्षण ओळखता आला, तर मंदावलेला हातही पुरतो.

जन्मजात किती, कमावलेले किती?

ठोसा मारणारे जन्माला यावे लागतात, ते घडवता येत नाहीत, अशीही एक म्हण बॉक्सिंगमध्ये आहे. ती निम्मीच खरी आहे.

आपल्या स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. काही सावकाश आकसतात पण लवकर थकत नाहीत. ते लांब पल्ल्याच्या धावपटूच्या कामाचे. काही झटक्यात आकसतात पण लवकर थकतात. ते ठोसा मारणाऱ्याच्या आणि शंभर मीटर धावणाऱ्याच्या कामाचे. कोणाच्या अंगात कोणते तंतू अधिक, हे बऱ्याच अंशी आईवडिलांकडून येते. हातापायांची लांबी आणि मुठीचा आकार ही देणगीही जन्मतःच मिळते.

पण जमीन रेटणे, कंबर वळवणे, हात सैल सोडणे, क्षण ओळखणे हे सारे शिकता येते. तंतू कोणतेही असोत, या शिकण्याने प्रत्येकाचा ठोसा आधीपेक्षा भारी होतो. जन्मजात देणगी असलेला माणूस शिकलाच नाही, तर त्याचा ठोसा हवेतच जातो.

हनुवटीच का?

इथपर्यंतचे सारे मी भाचीला उत्साहाने सांगू शकले असते. आता ताईच्या प्रश्नाकडे वळू.

आपला मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगतो. मऊ असतो, घट्ट लागलेल्या दह्यासारखा. दह्याचे भांडे सावकाश सरकवले तर दह्याला काही होत नाही. पण तेच भांडे झटक्याने गर्रकन फिरवले, तर भांडे फिरते आणि दही मागे राहते. मग दह्याला चिरा पडतात, पाणी सुटते. ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ होलबोर्न यांनी १९४३ मध्ये कवटीच्या आकारात जिलेटिन भरून हेच दाखवले होते. मेंदूला सरळ धक्क्यापेक्षा गर्रकन फिरणे जास्त घातक ठरते.

हनुवटी हे डोक्याचे सर्वांत पुढचे टोक. दार बिजागरीपाशी ढकलले तर हलत नाही, पण कडेला बोट लावले तरी फिरते. तसेच हनुवटीवर बसलेल्या ठोशाने डोके सर्वांत जोरात फिरते. आतला मेंदू मागे राहतो, त्याचे नाजूक मज्जातंतू ताणले जातात आणि माणूस शुद्ध हरपून खाली कोसळतो. ज्याला आपण टाळ्या वाजवून नॉकआउट म्हणतो, ती मेंदूला झालेली इजा असते.

हातमोज्यांनी हे टळते, असा अनेकांचा समज आहे. हातमोजे चेहरा फाटण्यापासून वाचवतात आणि मारणाऱ्याच्या हाताची हाडे वाचवतात. उघड्या मुठीने पूर्ण जोराने डोक्यावर मारले तर हातच मोडतो. मोजे चढवले की ती भीती उरत नाही. शिरस्त्राणाचेही असेच. जखमा आणि खोका कमी होतात, पण डोके फिरायचे ते फिरतेच.

पुन्हा पुन्हा बसणाऱ्या ठोशांचे काय होते, ते १९२८ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सीचे डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी प्रथम वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. जुन्या बॉक्सरांचे अडखळते पाय, जड जीभ आणि विसराळूपणा यांचे मूळ मेंदूच्या इजेत असावे, असे त्यांनी मांडले. १९७३ मध्ये इंग्लंडमधील कोर्सेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ निवृत्त बॉक्सरांच्या मेंदूंचा मृत्यूनंतर अभ्यास केला आणि त्यांत ठराविक प्रकारची झीज सापडल्याचे दाखवले. ही झीज एका नॉकआउटने होत नाही. वर्षानुवर्षे डोक्यावर खाल्लेल्या, त्या त्या वेळी किरकोळ वाटलेल्या ठोशांची ती बेरीज असते.

मारणारा तरी सुटतो का?

ताईला वाटत होते, की भारी ठोसा असला म्हणजे मुलगी सुरक्षित. तसे नसते.

अमेरिकेचा जेराल्ड मॅक्लेलन हा १९९० च्या दशकातला एक अतिशय भयंकर ठोसा मारणारा बॉक्सर. जिंकलेल्या ३१ लढतींपैकी २९ त्याने नॉकआउटने जिंकल्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी लंडनमध्ये नायजेल बेनशी त्याची लढत झाली. पहिल्याच फेरीत त्याने बेनला दोरांमधून रिंगणाबाहेर फेकले. लढत तिथेच संपेल असे वाटले होते, पण बेन परत आला. पुढच्या फेऱ्यांत दोघांनीही एकमेकांना निर्दयपणे मारले. दहाव्या फेरीत मॅक्लेलन गुडघ्यावर बसला, उठला, पुन्हा बसला आणि हरला. आपल्या कोपऱ्यात जाऊन बसला, तो तिथेच कोसळला. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. शस्त्रक्रियेने जीव वाचला, पण दृष्टी गेली आणि ऐकूही फारसे येईनासे झाले. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. त्यानंतर त्याला सांभाळले ते त्याच्या बहिणींनी.

ठोशातले बळ ही ढाल नव्हे, हे यावरून समजावे. ज्याचा ठोसा भारी, तो पुष्कळदा त्याच ठोशाच्या भरवशावर राहतो, स्वतःचा बचाव शिकत नाही आणि मार खातो.

आईवडिलांनी काय विचारावे?

मग मुलांना या खेळाकडे फिरकूच द्यायचे नाही का? मला तसे वाटत नाही. मुले खेळतात ते हौशी बॉक्सिंग आणि आपण टीव्हीवर पाहतो ते व्यावसायिक बॉक्सिंग, यांत पुष्कळ फरक आहे. व्यावसायिक अजिंक्यपदाची लढत बारा फेऱ्यांची असते. ऑलिंपिकमध्ये तीनच फेऱ्या असतात आणि तिथे चपळाईला, नेमकेपणाला आणि बचावाला गुण मिळवून देता येतात. २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांच्या बॉक्सिंगला पहिल्यांदा प्रवेश मिळाला. तेव्हा जुळ्या मुलांची आई असलेल्या मेरी कोमने ५१ किलो गटात कांस्यपदक आणले, ते काही एका ठोशाच्या बळावर नव्हे. पायांची हालचाल आणि समोरच्याचा ठोसा चुकवण्याची कला, यांवर तिची सारी कारकीर्द उभी राहिली.

तेव्हा मूल बॉक्सिंगला जायचे म्हणत असेल, तर प्रशिक्षकाला जाऊन भेटा आणि काही गोष्टी स्पष्ट विचारा.

पहिले काही महिने काय शिकवता? उत्तर दोरीवरच्या उड्या, पायांची हालचाल, पिशवीवरचा सराव आणि बचाव असे असेल तर ठीक. पहिल्याच आठवड्यात मुलांना एकमेकांसमोर उभे करत असतील तर दुसरा वर्ग शोधा.

सरावात मुले एकमेकांच्या डोक्यावर जोराने मारतात का, आणि आठवड्यातून किती वेळा? झीज लढतींपेक्षा सरावात जास्त साचते, कारण लढती मोजक्या असतात आणि सराव रोजचा. डोक्यावरचे जोरदार ठोसे जितके कमी, तितका तो वर्ग शहाणा. सरावाची जोडी वजनाने आणि वयाने बरोबरीची असते ना, हेही पाहा.

डोक्याला मार बसला तर काय करता? डोके दुखणे, मळमळ, अंधारी, गोंधळल्यासारखे होणे यांपैकी काहीही झाले, तर मुलाने त्या दिवशी पुन्हा हातमोजे चढवायचे नाहीत. डॉक्टरांनी पाहून परवानगी दिल्यावर, हळूहळूच परत यायचे. डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या किंवा मूल पेंगू लागले तर एक क्षणही न दवडता इस्पितळ गाठायचे. "थोडं पाणी मार आणि उभा राहा" असे म्हणणारा प्रशिक्षक कितीही नावाजलेला असो, त्याच्याकडे मूल ठेवू नका.

आणि मुलांना एक गोष्ट घरीच सांगून ठेवा. मार लागला तर लपवायचा नाही. पुष्कळ मुले संघातून वगळतील या भीतीने डोकेदुखी लपवतात.

एक मार्ग आणखी आहे. जोरदार ठोसा शिकायला समोर माणूस लागतोच असे नाही. पिशवीवर मारणे, दोरीवर उड्या, पायांचा सराव यांतून शरीराला जो व्यायाम आणि मनाला जो विश्वास मिळतो, त्यासाठी कोणाच्याही डोक्याला हात लावावा लागत नाही. कित्येक मुलींना हवे असते ते एवढेच.

मी ताईला हे सारे सांगितले. दोन दिवसांनी ती स्वतः त्या वर्गावर गेली, तासभर बसून सराव पाहिला आणि सरांना प्रश्न विचारले. परत आल्यावर तिने फोन केला.

"सर बरे वाटले. वर्षभर लढत नाही, असं त्यांनीच आधी सांगितलं. जाऊ देते तिला." मग जरा थांबून म्हणाली, "आणि काय गं, मलाही त्यांनी त्या पिशवीवर एक ठोसा मारायला लावला. म्हणाले, ताई, टाच उचला, कंबर वळवा. लहानपणी आई गोधड्या धुताना असंच सांगायची ना?"

"मग? बसला का ठोसा?"

"पिशवी हलली," ताई म्हणाली. "चांगली हलली."